चासी कुणाचीही असो, बस आमची आहे

वसईजवळच्या कामण नाक्यावर एसटी थांबली की तिच्याकडे एकदा नीट बघा. समोरच्या जाळीवर कंपनीची खूण आहे, काचेवर गावाची पाटी आहे, आणि खाली चासीवर सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक ठोकलेला आहे. तो एमबी१ ने सुरू होत असेल तर गाडी अशोक लेलँडची, एमएटी ने होत असेल तर टाटांची. ब्रिटनमध्ये घडलेल्या गाडीचा क्रमांक एस या अक्षराने सुरू होतो, स्वीडनमधल्या गाडीचा वाय ने, चीनमधल्या गाडीचा एल ने. गाडी जन्मली कुठे हे पोलादावरच लिहिलेलं असतं. ती जगली कुठे आणि कशी, हे मात्र कुणीतरी बसून लिहावं लागतं. माझं भांडण आहे ते ह्या दुसऱ्या लिहिण्याबद्दल.

ज्ञानकोश लिहिणाऱ्यांपुढे एक प्रश्न वारंवार येतो. एकाच आराखड्यावरची बस दोन-तीन देशांत बनत असेल, तर तिच्यावर एकच लेख असावा की प्रत्येक देशातल्या बसवर वेगळा? प्रश्न किरकोळ वाटतो. पण आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांची वंशावळ परदेशात सुरू होते, त्यामुळे उत्तर चुकलं तर आपला निम्मा वाहतूक-इतिहास दुसऱ्यांच्या लेखात शेवटच्या परिच्छेदात जाऊन बसतो. माझं मत आधीच सांगतो. कारखाना दुसऱ्या देशात आहे एवढ्या कारणाने वेगळा लेख देऊ नये. पण त्या बसने त्या देशात स्वतःचं आयुष्य काढलं असेल, तर दोन्ही गाड्या दिसायला कितीही सारख्या असोत, लेख वेगळाच हवा.

एकच लेख हवा म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. इंजिनाची ताकद, चाकांमधलं अंतर, आसनं, लांबी हे सगळं सारखंच असेल तर वाचकाने तेच तक्ते तीन ठिकाणी का वाचायचे? शिवाय तीन लेख झाले की एकात दुरुस्ती होते आणि दोन तसेच चुकीचे राहतात. ही अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय सोपा आहे: समान भाग मूळ लेखात ठेवा आणि दुसऱ्या लेखात फक्त वेगळं ते सांगा. समान भाग झाकल्यावर मागे सांगण्यासारखं काही उरतं का, एवढंच तपासायचं. उरलं तर लेख, नाही तर मूळ लेखात एक परिच्छेद.

ही कसोटी लावायला आपल्याकडची डबल-डेकर घ्या. मुंबईत डबल-डेकर ८ डिसेंबर १९३७ रोजी रस्त्यावर आली. पुढे शहराला ओळखीची झाली ती टायटन. लेलँड टायटन हा मूळचा इंग्रज घराण्यातला आराखडा, १९२७ सालचा; त्यात सुधारणा होत होत तो पीडी३ या मॉडेलपर्यंत आला. १९६७ साली अशोक लेलँडने टायटन भारतात बनवायला सुरुवात केली. आणि इंग्लंडमध्ये जुन्या टायटनचं उत्पादन १९६९ मध्ये बंद झालं. आपल्याकडे बाळसं धरायला लागली तोवर तिथे तिची पंगत उठली होती.

बंद का झाली, ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये पगाराचा खर्च वाढला, तेव्हा बस कंपन्यांनी कंडक्टर काढून टाकायचं ठरवलं. ड्रायव्हरनेच तिकीट द्यायचं तर दार त्याच्या शेजारी, पुढे हवं. दार पुढे हवं तर इंजिन मागे गेलं पाहिजे. १९६८ च्या वाहतूक कायद्याने अशा नव्या धर्तीच्या बस घ्यायला सरकारी अनुदानही दिलं. पुढे इंजिन आणि मागे दार असलेली टायटन त्या हिशेबात बसेना. मुंबईत हिशेब उलटा होता. इथे कंडक्टर गेला नाही. डबल-डेकरवर तर दोन असत, एक खाली आणि एक वर. मागच्या उघड्या दारातून धावत चढणारे प्रवासी होते, घंटी मारायला माणूस होता, आणि पुढच्या इंजिनाचं काम आगारातल्या प्रत्येक मेकॅनिकच्या हाताखालचं होतं. म्हणून मूळ देशात मोडीत निघालेली बस इथे पुढच्या पिढ्यांनी वापरली. बेस्टची शेवटची साधी डिझेल डबल-डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. तीही अशोक लेलँडचीच होती.

आता सांगा, १९६९ नंतरची ही पन्नासपेक्षा जास्त वर्षं कुठे लिहायची? इंग्लिश टायटनच्या लेखाला शेपूट म्हणून? मूळ गाडीच्या आयुष्याहून शेपूट लांब झालं आहे. सख्ख्या दोन बहिणींचं लग्न दोन घरी झालं, तर धाकटीचा संसार थोरलीच्या संसाराच्या चार ओळींत कुणी उरकत नाही. आणि इथे तर पुढे आणखी गंमतशीर घडलं. लीड्समध्ये लेलँडच्या बॉडी बांधणाऱ्या शाखेचा कारखाना बंद पडल्यावर तिथल्या माणसांनी १९८५ साली ऑप्टेर ही कंपनी उभी केली. २०१० पासून अशोक लेलँडने तिच्यात हिस्सा घ्यायला सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत तिची मालकी मिळवली. तीच आज स्विच मोबिलिटी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत आलेली विजेवरची वातानुकूलित डबल-डेकर ह्याच स्विचची. कोण कुणाची नक्कल, हे आता देशाच्या नावावरून ठरवता येत नाही.

लेलँडचंच कशाला, आपल्या साध्या एसटीच्या चासीचा वंश तपासा. अशोक मोटर्स १९४८ साली ऑस्टिनच्या मोटारी जोडण्यासाठी निघाली, १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. आराखडे इंग्लंडचे आले. १९८० च्या दशकात जपानच्या हिनोशी करार झाला आणि तिची इंजिनं होसूरला बनू लागली. १९८७ मध्ये लेलँडचा हिस्सा हिंदुजांनी आणि इटलीच्या इव्हेकोने मिळून घेतला. इंग्रजी वळणाची चासी, जपानी वंशाचं इंजिन, तमिळनाडूतला कारखाना, आणि गाडी चालते कामण ते भिवंडी. हिला कुठल्या देशाच्या लेखात घालणार?

टाटांचंही तसंच. जमशेदपूरला १९५४ पासून टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून टाटा-मर्सिडीज गाड्या बनू लागल्या. पंधरा वर्षांचा करार १९६९ मध्ये संपला, जाळीवरचा मर्सिडीजचा तारा उतरला आणि तिथे टीचं चिन्ह आलं. पण हिशेब जर्मनच राहिला. टाटांच्या गाड्यांना १२१०, १५१२ असे आकडे असतात. पहिले दोन अंक वजनाचे टन, पुढचे दोन ताकदीच्या दहाव्या हिश्शाचे. ही पद्धत मर्सिडीजची. तारा उतरल्यानंतर ह्या गाड्या आपल्या इंजिनिअरांनी आपल्या रस्त्यांसाठी पुन्हा पुन्हा बदलल्या. माझ्या कसोटीवर टाटा १२१० ला वेगळा लेख मिळतो, त्यात शंका घ्यायचं कारण नाही.

पण कसोटी लावायची तर ती आपल्याला नको तिथेही लावली पाहिजे. व्होल्वो बी७आर बेंगळुरूजवळच्या होसकोट्याला २००१ पासून बनू लागली. दुसऱ्याच वर्षी एसटीने दादर-पुणे मार्गावर शिवनेरी सुरू केली. शिवनेरीवर स्वतंत्र लेख हवा, कारण तिने मुंबई-पुणे प्रवासाची सवयच बदलली. पण तो लेख सेवेवर असेल. खालची बी७आर मात्र स्वीडिश बी७आरच आहे; होसकोट्याला तिच्यात स्वतंत्र इतिहास होईल असं फारसं घडलं नाही. मूळ लेखात एक परिच्छेद पुरे. पुण्यात पीएमपीच्या ताफ्यात २०१९ पासून आलेल्या ऑलेक्ट्राच्या बारा मीटर लांबीच्या विजेच्या बसही बीवायडीच्या के-९ वर बेतलेल्या. ती के-९ चीनमध्ये २०१० साली आली. नंतर कॅलिफोर्नियात लँकेस्टरला आणि हंगेरीत कोमारोमलाही बनू लागली. चार देशांत जवळजवळ तीच बस. तिचे चार लेख मला तरी नकोत. ऑलेक्ट्राच्या हैदराबादच्या कारखान्यात पुढे वेगळं काही उभं राहिलं, तर त्या दिवशी वेगळा लेख लिहू. अभिमानापोटी लेख फोडणं हे ज्ञानकोशाचं काम नव्हे.

हे सगळं झाल्यावर मुख्य मुद्दा येतो, आणि तो मला सगळ्यात जास्त छळतो. जुळ्या मॉडेलांवर भांडणारे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, की बस म्हणजे कंपनीचं मॉडेल. चिंचोटीला महामार्गावर कधीतरी नुसती चासी जाताना दिसते. चार-सहा चाकं, इंजिन, स्टेअरिंग आणि दोन लांब पोलादी कड्या. छप्पर नाही, दार नाही, काच नाही. ड्रायव्हर तात्पुरत्या बैठकीवर बसलेला, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल, पावसाळा असेल तर अंगावर रेनकोट, आणि समोरच्या ट्रकच्या चाकांचा चिखल थेट छातीवर. शेकडो किलोमीटर तो असाच येतो. कंपनी ज्याला मॉडेल म्हणते ते एवढंच. त्यात अजून कुणी प्रवासी बसू शकत नाही.

त्याची बस होते ती दापोडीला. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. लेलँडची चासी येवो की टाटांची, तिच्यावर सांगाडा उभा करायचा, पत्रे ठोकायचे, बाकडी बसवायची, खिडक्यांचे गज लावायचे, कंडक्टरच्या घंटीची दोरी टपाखालून पार ड्रायव्हरपर्यंत ओढायची, मागे टपावर चढायची शिडी जोडायची, ड्रायव्हरशेजारच्या इंजिनावर झाकण घालायचं, हे सगळं ह्या कार्यशाळांनी दशकानुदशकं केलं. दोन कंपन्यांच्या दोन वेगळ्या चासींवरून उतरलेल्या एसटी प्रवाशाला एकसारख्या दिसत, त्याचं कारण दापोडी. आणि लेलँडची तीच चासी शेजारच्या राज्याच्या महामंडळाकडे गेली की वेगळीच बस होई, त्याचंही कारण हेच.

ह्या बांधणीला इतिहास आहे, आणि तो आपल्या हवेने घडवलेला आहे. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. त्या काळात ताफ्यात शेवर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा दहा परदेशी कंपन्यांच्या गाड्या होत्या. बॉडी लाकडी असे. १९५० च्या दशकात पोलादी बॉडी आली. मग १९६० मध्ये अ‍ॅल्युमिनियम आलं, कारण पोलाद गंजतं, आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर गंजतं. वसईच्या खाडीची हवा कामणपर्यंत येते. इथल्या लोखंडी फाटकांचं चार पावसाळ्यांत काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे कोकणच्या वाऱ्याने बसचा पत्रा बदलला. त्याच बदलाच्या सुमारास निळ्या-चंदेरी गाड्या लाल झाल्या. आणि २०१८ च्या आसपास एसटी पुन्हा पोलादाकडे, माइल्ड स्टीलच्या बॉडीकडे वळली. अपघातात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा फाटतो, पोलाद जास्त तग धरतं. लाकूड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, पुन्हा पोलाद. प्रत्येक वळणाला कारण आहे, साल आहे, हजारो गाड्या आहेत आणि लाखो प्रवासी आहेत. ज्ञानकोशातल्या लेखाला आणखी काय लागतं?

आणि रस्ता? चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्याच्या खड्ड्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर दिवसरात्र त्याच रस्त्यावरून जातात. ह्या रस्त्यावर साध्या एसटीखाली पोलादी पाटे असतात, हवेच्या फुग्यांवरचं सस्पेन्शन नसतं. पाटा तुटला तर आगारात बदलता येतो, फार तर गॅरेजवाला वेळ मारून नेतो. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी पुढे असतं, कारण मागच्या इंजिनाला धूळ आणि साचलेलं पाणी जास्त नडतं, आणि पुढचं इंजिन झाकण उचलून तिथल्या तिथे बघता येतं. युरोपातल्या शहरी बसमधून पुढचं इंजिन केव्हाच गेलं. आपल्याकडे ते टिकलं ते रस्त्यामुळे, पावसामुळे आणि आगारातल्या हातांमुळे. तक्त्यात दोन बस सारख्या दिसतील. कामणच्या रस्त्यावर त्या सारख्या राहत नाहीत.

मग ह्या बसवर भरघोस लेख का नाहीत? ज्ञानकोशांचा रास्त नियम आहे की स्वतंत्र आणि विश्वासार्ह लिखित आधार हवा. नियमाशी माझं भांडण नाही. पण ब्रिटनमध्ये बसवेड्यांची ऑम्निबस सोसायटी १९२९ साली निघाली. बसला वाहिलेलं मासिक १९४९ पासून निघतं आहे. लंडनमध्ये कोव्हेंट गार्डनला वाहतुकीचं संग्रहालय आहे, तिथे जुन्या गाड्या जपल्या आहेत. तिथे एखाद्या महानगरपालिकेने बारा गाड्या घेतल्या तरी त्यांचे क्रमांक, बॉडी बांधणारा, मोडीत निघाल्याची तारीख हे सगळं छापलेलं सापडतं. म्हणून त्या बारा गाड्या लेखाला पात्र ठरतात. आपल्याकडे बेस्टने अणिक आगारात संग्रहालय केलं, ते मोलाचं आहे. पण दापोडीहून निघालेल्या हजारो गाड्यांचा तसा हिशेब कुठे छापलेला आहे? बस लहान होती म्हणून ती लेखातून गळलेली नाही. आपण नोंद ठेवली नाही म्हणून गळली. ह्याचा दोष परदेशी संपादकाला देऊन चालणार नाही.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० साली ज्ञानकोशाचा पहिला भाग काढला, त्याचं नाव ‘हिंदुस्थान आणि जग’. जगाकडे बघायचं, पण उभं राहायचं आपल्या जागेवर, हा त्या नावातला आग्रह मला आजही पटतो. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. आणि २००३ पासून मराठी विकिपीडिया कुणालाही लिहायला उघडा आहे. कागदाच्या खंडात जागेची चिंता होती, दोन बसवर दोन नोंदी घालताना संपादकाला पानं मोजावी लागत. आता ती अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती फक्त माहिती गोळा करणाऱ्या माणसांची.

आणि वेळ थोडा आहे. २०२४ मध्ये एसटीने अशोक लेलँडला २,१०४ व्हायकिंग बस मागवल्या, त्या पूर्ण बांधलेल्या, थेट रस्त्यावर उतरायच्या. विजेच्या बसही तयारच येतात. चासी आणून तिच्यावर आपली बस बांधायचा काळ मागे पडत चालला आहे. ज्यांनी ती बांधली ती माणसं निवृत्त होत आहेत. कुठल्या चासीवर सांगाडा लावताना काय बदलावं लागे, कोकणात जाणाऱ्या गाडीला वेगळं काय करत, कुठला पत्रा कुठे आधी फाटत असे, हे त्यांच्या डोक्यात आहे. सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देऊन आपण ते ज्ञान घरी पाठवतो आहोत.

त्यामुळे संपादकांना माझी विनंती एवढीच: पुढच्या वेळी दोन देशांतल्या बसवर वेगळे लेख हवेत का हा प्रश्न आला, तर आधी विचारा की बॉडी कुणी बांधली आणि ती किती वर्षं चालली. आणि वसई, नालासोपारा, अर्नाळा आगारांत किंवा दापोडी-चिकलठाणा-हिंगण्याला काम केलेलं कुणी तुमच्या घरात, चाळीत, गावात असेल, तर त्यांच्यासमोर वही घेऊन बसा. गाड्यांची सालं विचारा, जुने फोटो मागा, एसटीची जुनी परिपत्रकं आणि कामगार संघटनांचे अंक अजून कपाटात असतील तर ते स्कॅन करा. छापील आधार मिळाला की लेख लिहा, मराठीत लिहा. ह्या पावसाळ्यातच सुरू करा.